पडवीच्या कोपऱ्याला काचेची दारं: समुद्राकाठच्या घरासाठी

पडवीत झड येऊ नये म्हणून पूर्वी मृगाच्या आधी माडाच्या झावळ्यांचे झाप विणून बांधत. झाप पाणी अडवायचा, वारा मात्र गाळून आत सोडायचा आणि दिवाळीपर्यंत चुलीत जायचा. आता त्याच जागी काचेची दारं येतात. काच वारा सोडत नाही, सगळा अंगावर घेते आणि पंधरा-वीस वर्षं टिकावी अशी अपेक्षा असते. त्यात पडवीचा कोपरा, म्हणजे दोन बाजू उघड्या, ही घरातली सगळ्यात अवघड जागा. वारा भिंतीला अडून बाजूने निसटतो तो कोपऱ्यावरून. तिथे एका अंगाला दाब आणि दुसऱ्या अंगाला ओढ असते. कोपऱ्यालगतची ही ओढ भिंतीच्या मधल्या भागापेक्षा बरीच जास्त असते.

बहुतेक घरांत निवडीची सुरुवात काचेपासून होते: निळी घ्यायची की पांढरी, आठची की दहाची. किनाऱ्यावर हा क्रम उलटा हवा. आधी दिशा, मग दाराचा प्रकार, मग उंबरा, मग चौकटीचा माल, मग चाकं, स्क्रू आणि कुलूप. काच शेवटी. गळतात आणि सडतात त्या आधीच्या गोष्टी. काच क्वचितच बिघडते.

आधी दिशा

कोपऱ्याच्या दोन बाजूंपैकी समुद्राकडची कुठली ते ठरवा. जून ते सप्टेंबर वारा नैऋत्य आणि पश्चिमेकडून असतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिण या झडीच्या बाजू. उत्तर आणि पूर्वेला पाऊस येतो, पण वाऱ्याच्या जोराने आडवा होऊन फारसा येत नाही. दोन्ही बाजूंना एकसारखं दार लावायचं हा हट्ट इथेच सोडावा. चौकटीचा रंग आणि वरची रेघ जुळली की बाहेरून दारं एकसारखीच दिसतात, आतली यंत्रणा वेगळी असली तरी चालते.

पागोळ्या कुठे पडतात तेही पाहा. छपराचा पुढे आलेला भाग ९०० मिमी किंवा जास्त असेल तर साध्या पावसाचं पाणी दारापर्यंत येत नाही, झडीचं येतं. तो ४५० मिमीच असेल तर दार घेण्याआधी पत्र्याची किंवा कौलांची पडवी पुढे वाढवा. तो खर्च दारावरच्या खर्चापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

कोपऱ्यातला खांब

जुन्या कौलारू घरात पडवीच्या कोपऱ्यातल्या लाकडी खांबावर दोन्ही बाजूंच्या तुळया येतात आणि छपराचा तिरका वासाही तिथेच टेकतो. समुद्र अखंड दिसावा म्हणून हा खांब काढायची कल्पना वरचेवर पुढे येते. काढू नये. काढायचाच असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून वरचा एल आकाराचा बीम आखून घ्यावा लागतो. नुसती आडवी लोखंडी नळी घालून भागत नाही. बीम थोडा जरी लवला, ८-१० मिमी, तरी खालची शटरं, म्हणजे सरकते पल्ले, ट्रॅकमध्ये आवळतात आणि काच चौकटीत दाबली जाते.

कोपरा करायच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली: खांब ठेवून त्याच्या दोन्ही अंगांना स्वतंत्र चौकटी. ही सगळ्यात स्वस्त, सगळ्यात कोरडी, आणि नव्वद टक्के घरांना हीच योग्य. दुसरी: कोपऱ्यात दोन स्थिर काचा एकमेकींना सिलिकॉनने जोडायच्या आणि उघडणारी दारं त्यांच्या पुढे दोन्ही बाजूंना घ्यायची. दिसायला मोकळी, आणि नीट केली तर कोरडी राहते. तिसरी: दोन सरकती दारं कोपऱ्यातच एकमेकांना भिडतात आणि उघडली की कोपरा नाहीसा होतो. जाहिरातींत हीच दिसते. त्या भेटीच्या रेषेवर दोन्ही ट्रॅकचं पाणी एकत्र येतं, ओढही तिथेच सगळ्यात जास्त, आणि अडवायला असते फक्त ब्रशची किंवा रबराची एक पट्टी. खाडीच्या आत, आडोशाच्या घराला हा कोपरा चालेल. समोर उघडा समुद्र असेल तर तो पहिल्याच पावसाळ्यात टॉवेल मागतो.

उंबऱ्याची उंची: हे गणित करूनच दार घ्या

सरकत्या दाराच्या खालच्या ट्रॅकमध्ये पाणी येणारच. ते भोकांतून बाहेर जावं अशी रचना असते. पण बाहेरून वारा दाबत असतो तेव्हा पाणी बाहेर जात नाही, ट्रॅकमध्ये वर चढतं आणि आतल्या कडेवरून खोलीत सांडतं. किती चढेल याचा ढोबळ हिशेब सोपा आहे. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा आणि ०.६ ने गुणा. उत्तर पास्कलमध्ये येतं. ९८ पास्कल म्हणजे १० मिमी पाणी.

ताशी ५० किमीच्या झोताला पाणी सुमारे १२ मिमी चढतं, ६५ ला २० मिमी, ९० ला ३८ मिमी, आणि ११० ला ५७ मिमी.

आता बाजारातलं साधं दोन ट्रॅकचं सेक्शन, म्हणजे चौकटीची तयार पोकळ पट्टी, मोजून पाहा. आतली कड ट्रॅकच्या तळापासून बऱ्याचदा २० ते २५ मिमीच असते. म्हणजे आषाढातल्या एखाद्या चांगल्या झोताला ते हरलं. फॅब्रिकेटर, म्हणजे दार बनवणारा, मग सिलिकॉन भरतो, भोकं बुजवतो, नवी ऊल पाइल (ब्रशची पट्टी) घालतो. यातल्या कशानेही फरक पडत नाही, कारण दोष भेगेचा नसतो, उंचीचा असतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी १०० किमीच्या वर होता. तशा दिवशी ४० मिमीच्या उंबऱ्यावरूनही पाणी येईल. ते पुसावं. दर पावसाळ्यात पुसावं लागू नये एवढंच पाहायचं.

म्हणून झडीच्या बाजूला सरकतं दार हवंच असेल तर आतली कड किमान ४० मिमीची मागा. नाहीतर प्रकारच बदला. लिफ्ट अँड स्लाइडमध्ये मूठ फिरवली की शटर उचललं जाऊन सरकतं, आणि बंद केल्यावर खाली बसून रबरी गॅस्केट दाबतं. महाग पडतं, पण किनाऱ्यावर पैसे खर्च करायची ही योग्य जागा आहे. दुसरा पर्याय बाहेर उघडणाऱ्या पल्ल्यांचा. तिथे गॅस्केट चारही बाजूंनी दाबलं जातं आणि समोरून येणारा वारा पल्ला आणखी घट्ट बसवतो. मात्र अशा पल्ल्याला वर, मध्ये आणि खाली अशा तीन जागी कुलूपकाटे हवेत, कारण ओढीच्या वेळी हाच वारा तो बाहेर खेचतो. उघडा पल्ला अडकवायला भिंतीत भक्कम हूकही हवा. नाहीतर मे महिन्यातल्या वळवात तो एकदाच आपटतो आणि काम संपतं.

घडीच्या दारांना झडीच्या बाजूला सरळ नाही म्हणा. पाच पल्ल्यांच्या घडीत चार उभे सांधे, ढीगभर बिजागऱ्या आणि वाळू अडकायला एक अरुंद ट्रॅक.

आडोशाच्या बाजूला तीन ट्रॅकचं साधं सरकतं दार पुरतं: दोन काचेचे, एक जाळीचा. जाळी फायबरग्लासची किंवा पॉलिएस्टरची घ्या. एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ ची म्हणून दिलेली जाळी समुद्राकाठी दोन-तीन वर्षांत तपकिरी होते. तार इतकी बारीक असते की थोड्या गंजानेही तुटते.

बाहेरची फरशी आतल्यापेक्षा ५० मिमी तरी खाली हवी, आणि अंगणाकडे दर मीटरला १५ मिमी उतार. पायाला उंबरा लागू नये म्हणून दोन्ही फरश्या एका पातळीत घ्यायच्या असतील तर दाराबाहेर पूर्ण लांबीची जाळीदार पन्हळ बांधावी लागते, आणि त्या पन्हळीचं पाणी लांब नेणारा पाइपही.

चौकट: ॲल्युमिनियम, यूपीव्हीसी की लाकूड

ॲल्युमिनियम खाऱ्या हवेत लोखंडासारखं गंजत नाही, पण त्याला पांढरे फोड येतात. सुरुवात जवळजवळ नेहमी कापलेल्या टोकापासून किंवा ड्रिलच्या भोकापासून होते. तिथे रंग नसतो, आणि खार रंगाखालून किड्यासारखा नागमोडी सरकतो. ॲनोडाइज्ड (विजेच्या प्रक्रियेने ऑक्साइडचा थर चढवलेलं) घेत असाल तर थर २५ मायक्रॉनचा लिहून घ्या. शहरासाठी येणारा १०-१५ मायक्रॉनचा माल इथे पुरत नाही. पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेली रंगाची पूड) असेल तर थर ६० ते ८० मायक्रॉन, आणि त्याआधीची रासायनिक धुलाई समुद्राकाठच्या दर्जाची. थर मोजायचं छोटं यंत्र चांगल्या कोटिंगवाल्याकडे असतं, तुमच्यासमोर चार जागी मोजायला सांगा. कापलेली टोकं आणि भोकं जोडणीआधी सीलरने बंद करायची अटही घाला. ही अट कोणी आपण होऊन पाळत नाही.

सेक्शनच्या भिंतीची जाडीही पाहा. स्वस्त मालात ती १.२ मिमी असते. २४०० मिमी उंचीच्या शटरला मधली उभी पट्टी, म्हणजे इंटरलॉक, सगळा वारा पेलते. तिथे १.६ ते २ मिमी हवी. पूर्ण दाबाखाली ती उंचीच्या १७५ व्या भागापेक्षा जास्त वाकू नये, म्हणजे २४०० ला साधारण १४ मिमी. फॅब्रिकेटरला हा आकडा विचारा. उत्तर देता आलं तर तो हिशेब करणारा माणूस आहे.

वाऱ्याचा हिशेब कुठल्या वेगाला करायचा हे आयएस ८७५ भाग ३ या भारतीय मानकात दिलं आहे. मूळ वेग मुंबईला ४४ मीटर प्रति सेकंद, पणजीला ३९. ४४ ला दाब होतो चौरस मीटरला सुमारे ११८ किलो. १.२ बाय २.४ मीटरच्या एका शटरवर म्हणजे ३४० किलो, पाच माणसं एकदम रेलल्यासारखी. डोंगराच्या कड्यावरच्या घराला याहून जास्त.

यूपीव्हीसी म्हणजे कडक प्लास्टिक. त्याला खार लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण आतल्या पोकळीत लोखंडी नळी असते, आणि स्क्रूच्या भोकातून पाणी गेलं की ती आतून गंजते. बाहेर काही दिसत नाही, दार मात्र हळूहळू पोटातून वाकतं. नळी गॅल्व्हनाइज्ड आणि उभ्या पट्टीच्या पूर्ण लांबीची आहे ना, हे जोडणीआधी पाहा. उन्हाने यूपीव्हीसी फुगतंही जास्त: २४०० मिमीची पट्टी ३० अंशांच्या फरकाला सुमारे ५ मिमी वाढते. ॲल्युमिनियम त्याच फरकाला दीड-पावणेदोन मिमी. म्हणून पश्चिमेच्या उन्हात गडद रंगाचं यूपीव्हीसी नको, पांढरं घ्या.

सागवानी चौकट देखणी. जांभ्याच्या घराला तीच शोभते यात वाद नाही. पण सरकत्या दाराला नको, पल्ल्यालाच. फुगण्यासाठी ४ मिमी फट सोडा, बिजागऱ्या पितळी घ्या आणि दर दोन वर्षांनी तेल द्यायची तयारी ठेवा.

चाकं, स्क्रू, मुठी

दार बाद होतं ते बहुधा इथूनच. स्क्रू आणि बाहेरच्या बिजागऱ्या एसएस ३१६ च्या घ्या. त्यात मॉलिब्डेनम २ ते ३ टक्के असतं आणि मिठाला तेच पुरून उरतं. ३०४ समुद्रापासून आत, दोन-चार किलोमीटरवर चालतं. लोहचुंबक लावून ३०४ आणि ३१६ ओळखता येत नाही, तरी दुकानात तो प्रयोग हमखास करून दाखवतात. बिलावर ग्रेड लिहून घ्या. पिवळसर मुलाम्याचे लोखंडी सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू एकही वापरू देऊ नका. ते गंजतात, भोवतीचं ॲल्युमिनियमही खातात, आणि काढताना डोकं तुटतं. ३१६ च्या स्क्रूखालीसुद्धा नायलॉनचा वॉशर घालावा. दोन धातू आणि खारट ओल एकत्र आली की त्यातला जास्त क्रियाशील धातू, इथे ॲल्युमिनियम, झिजतो.

चाकांची क्षमता वजनावरून ठरते. काचेचं वजन काढणं सोपं: दर चौरस मीटरला, दर मिमीला अडीच किलो. आधीच्याच १.२ बाय २.४ मीटरच्या शटरमध्ये ८ मिमी काच घातली तर ५८ किलो. ६ अधिक ६ ची लॅमिनेटेड (मध्ये चिकट थर असलेली जोडकाच) घातली तर ९१ किलो. वर चौकटीचे दहा-बारा. या वजनाच्या दीडपट क्षमतेची चाकं मागा, बेअरिंग स्टेनलेसचं, आणि काढता येतील अशी, म्हणजे पुढे बदलता येतील. मुठी जस्ताच्या ओतीव नकोत. वर्षभरात मुलामा फोडासारखा उठतो.

आता काच

माणूस आपटू शकतो तिथे साधी काच नाहीच. टफन्ड (तापवून कडक केलेली) किंवा लॅमिनेटेड. टफन्ड काचेच्या कोपऱ्यात न पुसणारा शिक्का असतो, त्यावर आयएस २५५३ पाहा. शिक्का नसेल तर काच परत.

टफन्ड फुटली तर तिचे बोथट दाणे होतात, माणूस वाचतो. पण जागा पूर्ण उघडी पडते. झडीच्या बाजूला हे धोक्याचं आहे. उडालेलं कौल किंवा झावळीचा दांडा लागून एक काच गेली की वारा आत शिरतो आणि घराला आतून फुगवतो. बाहेरून छपराला ओढ आणि आतून रेटा, मग कौलं उडतात. लॅमिनेटेड तडकते पण मधल्या थराला चिकटून जागेवर राहते. म्हणून समुद्राकडच्या बाजूला, आणि माडाखालच्या कुठल्याही बाजूला, लॅमिनेटेडच घ्या: दोन टफन्ड काचांमध्ये १.५२ मिमीचा पीव्हीबी, म्हणजे पारदर्शक चिकट प्लास्टिकचा, थर. आडोशाच्या बाजूला ८ मिमी टफन्ड पुरते.

लॅमिनेटेडची दुखरी जागा तिची कड. ती सतत ओली राहिली तर थर कडेने पांढुरका होऊन सुटतो. कड चौकटीच्या आत हवी, काच दोन प्लास्टिकच्या ठोकळ्यांवर उचललेली आणि खाली पाणी निघायला वाट. कोपऱ्यातल्या जोडकाचेची कड उघडीच राहते, तिथे पीव्हीबीऐवजी आयनोप्लास्ट, म्हणजे ओलीला जास्त टिकणारा, थर मागा.

दुपदरी काच थंडीच्या गावची. दारं दिवसभर उघडी असतील तर तिचा उपयोग नाही. एसी लावणाऱ्या खोलीलाच विचार करा. पश्चिमेचं ऊन काचेने अडवण्यापेक्षा बाहेर बांबूची चटई सोडून अडवलेलं बरं. आत लावलेला पडदा उष्णता आत आल्यावर अडवतो.

टफन्ड काच नंतर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. माप चुकलं तर ती भंगार.

माप आणि बसवणं

फरशी, गिलावा आणि उंबऱ्याचा दगड झाल्यावरच माप घ्या. रुंदी वर, मध्ये आणि खाली. उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. सगळ्यात लहान आकडा धरा आणि प्रत्येक बाजूला ६ ते ८ मिमी सोडा. दोन्ही कर्ण मोजा, फरक ५ मिमीच्या वर असेल तर आधी गवंड्याकडून कड गुण्यात घ्या. कोपऱ्याला आणखी एक माप लागतं: दोन भिंतींमधला कोन. जुन्या घरात तो ९० चा क्वचितच असतो. एका बाजूने ६०० आणि दुसऱ्या बाजूने ८०० मिमीवर खूण करा, तिरकं अंतर १००० आलं तर काटकोन.

जांभ्यात चौकट बसवणं हे वेगळं काम आहे. चिरा सच्छिद्र आणि ठिसूळ, त्यात फाकणारा लोखंडी बोल्ट आवळला की कड फुटून हातात येते. चांगला उपाय म्हणजे दाराभोवती १०० ते १५० मिमीची काँक्रीटची पट्टी ओतून घेणं. ते शक्य नसेल तर लांब नायलॉनचे फ्रेम प्लग, किंवा जाळीच्या नळीसह केमिकल अँकर, म्हणजे रसायनाने चिकटवलेला बोल्ट. पहिला स्क्रू कोपऱ्यापासून १५० मिमीवर, पुढचे जास्तीत जास्त ६०० वर.

ओला सिमेंट-चुना ॲल्युमिनियमला जाळतो आणि डाग कायमचा राहतो. गिलाव्याची डागडुजी असेल तोवर चौकटीवरची टेप राहू द्या, पण काम संपताच काढा. उन्हात दोन महिने राहिलेली टेप निघत नाही.

भिंत आणि चौकटीमधल्या फटीत आधी फोमची दोरी दाबा, मग न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन धातू खातं, सिमेंटला धरत नाही आणि पीव्हीबीलाही बाधतं. ट्यूब उघडून हुंगली की कळतं. फेस येऊन फुगणारा फोम फट भरतो, पाणी अडवत नाही. भिंत कोरडी हवी, म्हणून हे काम मार्च-एप्रिलमधलं. ऑर्डर जानेवारीत द्या. मेच्या शेवटी घाईत ओल्या चिऱ्यावर ओढलेली सिलिकॉनची रेघ श्रावणात नखाने सुटते.

शेवटचा हप्ता देण्याआधी नळीचं पाणी मारा. खालच्या सांध्यापासून सुरू करून वर जा, प्रत्येक जागी पाच मिनिटं. वरून सुरू केलं तर पाणी नक्की कुठून आलं ते कळत नाही.

पुढची देखभाल

पावसाळ्यात दारं आपोआप धुतली जातात. खार साठतो तो ऑक्टोबर ते मे. त्यातही छपराखालचा, पाऊस न लागणारा वरचा भाग आधी खराब होतो, कारण तो कधीच धुतला जात नाही. दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. किनाऱ्यालगतची बोअर मचूळ असेल तर ते पाणी नको. बाथरूमचं ॲसिड चुकूनही नको.

ट्रॅकमध्ये तेल घालू नका. त्यात वाळू आणि तांबडी धूळ बसून कुरुंदाचा लेप होतो आणि चाक खाल्लं जातं. ब्रशने वाळू काढा आणि कोरडा सिलिकॉन स्प्रे मारा. मेच्या शेवटी पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. कुंभारीण माशीला ही भोकं घर करायला फार आवडतात, तिने एक मातीचा गोळा लावला की पूर्ण ट्रॅक तुंबतो.

बसवणाऱ्याकडून दोन चाकांचा जादा जोड, चार मीटर गॅस्केट आणि सेक्शनचा १५० मिमीचा एक तुकडा मागून माळ्यावर ठेवा. सेक्शनचे साचे बदलत राहतात. दहा वर्षांनी चाक शोधताना दुकानदाराला नाव सांगून उपयोग नसतो, तुकडा दाखवावा लागतो.